ऑक्सफर्डच्या भिंतीवर विरत गेलेली चित्रे

लंडनच्या टेट ब्रिटन कलासंग्रहालयात मिलेची ‘ऑफिलिया’ पाहिली, तेव्हापासून प्री-रॅफेलाइट चित्रकारांनी मला धरून ठेवले आहे. त्यांच्यासाठीच पॅडिंग्टनहून तासाभराचा रेल्वेप्रवास करून मी ऑक्सफर्डला गेलो आणि सेंट मायकल्स स्ट्रीटच्या अरुंद गल्लीतून ऑक्सफर्ड युनियन या वादविवाद संस्थेच्या जुन्या ग्रंथालयात शिरलो.

इटालियन चित्रकार राफाएलचा कित्ता गिरवायला लावणाऱ्या लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या शिकवणीविरुद्ध हंट, मिले, रोझेटी आणि त्यांच्या चार सोबत्यांनी १८४८ मध्ये बंड पुकारले. राफाएलच्या आधीच्या चित्रकारांचा निर्मळ रंग आणि प्रामाणिक नजर त्यांना पुन्हा हवी होती, म्हणून ते ‘प्री-रॅफेलाइट’. काही वर्षांतच हा संघ पांगला. परंतु १८५७ मध्ये या वास्तूच्या वरच्या भिंती मिळताच रोझेटीने विल्यम मॉरिस, बर्न-जोन्स अशा तरुणांना गोळा केले आणि ब्रिटनच्या दंतकथेतल्या राजा आर्थरच्या कथा रंगवायला घेतल्या. मानधन नव्हते, केवळ साहित्याचा आणि राहण्याचा खर्च मिळणार होता.

मान वर करून पाहिले, तर आधी दिसतो तो खिडक्यांचा लखलखाट. चित्रे त्या उजेडात बुडून जातात. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा कुठे मॉरिसची सूर्यफुले आणि एक मावळता चेहरा हळूहळू वर आला. रंगाखाली विटांचे सांधे जाणवत होते. ज्या मध्ययुगावर या मुलांनी जीव टाकला, त्या काळचे कारागीर आधी भिंतीला नीट गिलावा करीत. यांनी मात्र ओलसर, नव्या विटांना नुसती सफेदी देऊन तिच्यावरच रंग चढवला. चित्रे थोड्याच काळात फिकी पडू लागली. मला त्यांच्या घाईचा राग आला नाही, हळहळ मात्र फार वाटली.

दुपारी कीबल कॉलेजच्या चॅपलमध्ये हंटचे ‘जगाचा प्रकाश’ पाहिले. रानवेलींनी वेढलेल्या, बाहेरून कडी नसलेल्या बंद दारावर ख्रिस्त थाप मारतो आहे. हंट या चित्रावर १८५१ पासून दोनेक वर्षे राबला होता, चांदण्याचा रंग नेमका साधावा म्हणून रात्री बाहेर बसून रंगवत होता. ख्रिस्ताच्या हातातल्या कंदिलाचा पिवळा उजेड दाराशी माजलेल्या तणावर अजून तसाच पडलेला आहे.