दादीची डोली

परवा रात्री अम्मीला 'गर्म हवा' दाखवला. सोलापुरात, आमच्या विजापूर वेशीतल्या घरी, टीव्हीवर. मी तो कॉलेजात असताना पाहिला होता, अम्मीने सत्तरीत पहिल्यांदा.

एम. एस. सथ्यूंचा हा चित्रपट १९७३ चा. कथा इस्मत चुगताईंची, पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. फाळणीनंतरचं आग्रा, सलीम मिर्झांचा बुटांचा कारखाना. नातलग एकेक करून पाकिस्तानात निघालेत. थोरला भाऊ हलीम गेला आणि हवेली त्याच्या नावावर होती, म्हणून तीही गेली. बँक सलीमना कर्ज देत नाही, कारण आधी कर्ज घेतलेले काही जण सरहद्द ओलांडून गेले. सलीम तर कुठेच गेलेले नाहीत! तरी त्यांनीच हमी द्यायची.

भाड्याचं घर शोधण्याचा प्रसंग आला तेव्हा मी अम्मीकडे पाहिलं नाही. मागच्या जूनमध्ये माझ्या मुलासाठी पुण्यात खोली पाहिली होती. फोनवर भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. आधार कार्ड पाठवलं आणि तासाभरात निरोप आला, "गावाकडून पुतण्या येतोय, सॉरी." मुलगा म्हणाला, "जाऊ दे अम्मी, दुसरी बघू." तो लहानपणी रोज चार हुतात्मा चौकातून शाळेत जायचा. १२ जानेवारी १९३१ ला धनशेट्टी, शिंदे आणि सारडांबरोबर फाशी गेलेल्या कुर्बान हुसेनांचा पुतळा त्याच्या रोजच्या ओळखीचा. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सलीम झालेले बलराज साहनी या चित्रपटात आवाज चढवतच नाहीत. मुलगी आमिना जीव देते, तेव्हा तिच्यापाशी ते नुसते उभे राहतात. त्यांची स्वतःची मुलगी आदल्याच वर्षी गेली होती. चित्रपट लोकांपर्यंत पोचायच्या आत तेही गेले.

पण अम्मी रडली ती सलीमच्या म्हाताऱ्या आईसाठी. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ती सरपणाच्या खोलीत लपून बसते. तिथून तिला अक्षरशः उचलून न्यावं लागतं. शेवटी जीव जाईना म्हणून डोलीत घालून परत हवेलीत आणतात. ज्या घरात नवरी म्हणून आली, तिथेच डोळे मिटते. ए. के. हंगल यांनी केलेला अजमानी, ज्याच्याकडे आता हवेली आहे, तो अडवत नाही. तोही सिंधी, आपलं गाव मागे टाकून आलेला.

आमच्या दादीचे दीर १९४८ साली कराचीला गेले. दादाही गाठोडं बांधून बसले होते. दादी चुलीपुढून हलली नाही. "मेरी अम्मा की कबर इधरीच है, मैं कायकू जाऊँ?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. हे मी अम्मीच्याच तोंडून ऐकलंय, निदान शंभर वेळा.

शेवटचा मोर्चा मला अजूनही जरा घाईचा वाटतो. सलीम टांग्यातून उतरून गर्दीत मिसळतात, हे पटतं, पण आणखी थोडं थांबायला हवं होतं. अम्मीचं तिकडे लक्षच नव्हतं. नावं वर सरकायला लागल्यावर तिने विचारलं, "और हवेली? वापस मिली क्या उनकू?"

"नाही मिळाली."

ती उठली, कडी नीट लागलीय का ते बघून आली आणि झोपायला गेली.