तीन महिने कपाटात

रविवार, रात्र

आज अखेर कॅमेरा वापरला. पुसून, हातात फिरवून परत ठेवायला तर तो रोज निघायचाच.

घेऊन तीन महिने झाले. खरखरीत काळी पकड, वरची चकती फिरवली की येणारा बारीक कट्-कट् आवाज, लेन्समध्ये तिरकं पाहिलं की दिसणारी जांभळट-हिरवी झाक. इतकी देखणी वस्तू माझ्याकडे आजवर नव्हती. जीव लागला, आणि म्हणूनच वापरायची धास्ती. पट्टा निसटला तर? लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ बसली तर? शिवाय कुणाला न सांगितलेली एक गोष्ट: पहिला फोटो या कॅमेऱ्याच्या तोडीचा यायला हवा, असं मनाने घेतलं होतं. तसा क्षण काही येईना.

परवा काकांनी त्यांचा जुना फिल्मचा कॅमेरा दाखवला. चामड्याच्या केसमध्ये वर्षानुवर्षं बंद, बाहेरून नवाकोरा. लेन्स उजेडासमोर धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. अंधार, कोंदट हवा आणि ओल मिळाली की ती काचेवर धरते. फार दिवस राहिली तर वरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग जात नाही. चामडं तर ओल धरूनच ठेवतं.

"जपून ठेवला होता रे," काका म्हणाले. मला माझं कपाट आठवलं.

रात्री हिशेब केला. चांगलं शटर, म्हणजे दर फोटोला उघडून मिटणारा आतला पडदा, साधारण दीड-दोन लाख क्लिक चालेल असं धरतात. रोज ५० फोटो काढले तरी दीड लाखाला आठ वर्षं लागतील.

आज दुपारी आई खिडकीपाशी बटण लावायला बसली होती. दोरा ओवताना ती टोक ओठांत ओलं करते, चष्मा कपाळावर सारते आणि एक डोळा मिटते. लहानपणापासून बघतोय. कॅमेरा उचलला. ५० एमएमची लेन्स, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक, १.८ वर, पूर्ण उघडं. इतक्या जवळून जेमतेम सेंटिमीटरभर भाग फोकसमध्ये राहतो हे वाचलं होतं, पण हाताला ते माहीत नव्हतं. सुई धूसर आली, फोकस अंगठ्यावर बसला. नखाशेजारचा विळीचा जुना व्रण, पेरावरच्या रेषा, त्यावर तिरपा पडलेला उजेड. स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळ बघत राहिलो. तो व्रण मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

"चांगला आलाय?" आईने विचारलं.

"अंगठा छान आलाय. सुई हुकली."

"मग थांब, परत ओवते." आणि तिने ओवलेला दोरा ओढून काढला.

संध्याकाळपर्यंत ६४ फोटो झाले. ठेवताना टेबलाची कड लागून खालच्या कोपऱ्यावर केसाएवढा ओरखडा उठला. बोट फिरवलं की जाणवतो. बॅटरी चार्जिंगला लावली आहे आणि कॅमेरा टेबलावरच आहे. आई पहाटे उठून केस विंचरते, तेव्हा खिडकीत नुकतं उजाडत असतं. गजर साडेपाचचा लावलाय.