थंडीतली तारेवही: काक्षी, अल्गोल आणि घरातल्यांचे डोळे

मंडळी, यंदाची नोंदवही डिसेंबरपासून नीट चालू आहे, जानेवारी संपायला आलाय, तर आतापर्यंतचं काय झालं ते इथे टाकते. आपल्याकडे गोव्यात तारे बघणाऱ्यांचं वर्ष तुळशीच्या लग्नानंतरच सुरू होतं. पावसात काही दिसत नाही, ऑक्टोबरात संध्याकाळी ढग जमतात, आणि एप्रिल आला की परत ते दमट पांढरट आकाश. म्हणजे खरे कामाचे महिने चार-पाचच, आणि तेही घर, शाळा, पाहुणे, जत्रा ह्या सगळ्यातनं वेळ काढून. म्हणून यंदा ठरवलं की लांबचं दुर्मीळ काही शोधत बसायचं नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दोन तारे घ्यायचे आणि त्यांचं तेज किती ते जमेल त्या रात्री लिहून ठेवायचं. मृगातला काक्षी (बीटलज्यूस) आणि ययाती तारकासमूहातला अल्गोल, दोघांचंही तेज कमीजास्त होत राहतं.

सामान फार नाही. दहा बाय पन्नासची दुर्बीण, डायरी, टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर रबरबँड लावून, आणि सासऱ्यांची आरामखुर्ची. आमचं घर डिचोली तालुक्यात, पूर्वेला कुळागर (माड-पोफळीची बाग) असल्यामुळे मृग माडांच्या वर यायला वेळ लागतो, दक्षिणेला शेत असल्यामुळे तिकडे मात्र अगदी खालपर्यंत मोकळं. रस्त्याचा दिवा घराच्या कोपऱ्याआड जातो अशी एक जागा अंगणात सापडली, तिथे खुर्चीच्या पायांना चुन्याच्या खुणा केल्यात, कोणीही उठून बसलं तरी खुर्ची त्याच जागी.

आधी अल्गोल. नवीन लोकांसाठी थोडक्यात, हे खरं तर एकमेकांभोवती फिरणारे तारे आहेत आणि मंद तारा तेजस्वी ताऱ्याच्या पुढ्यात आला की आपल्याला ग्रहण दिसतं. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी. एरवी प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) २.१, ग्रहणात ३.४ पर्यंत उतरतो, उतरायला पाचेक तास आणि परत चढायला तेवढेच. ह्या आकड्याची गंमत अशी की आज मध्यरात्रीनंतर एकला ग्रहणाचा मध्य असेल तर तीन रात्रींनी तो पावणेदहाच्या सुमाराला येतो आणि आणखी तीन रात्रींनी संध्याकाळी साडेसहानंतर, त्यामुळे घरच्या माणसाला मधलाच सोयीचा, जेवणंखाणं आवरून, ओटा पुसून बाहेर यायचं. डिसेंबरात तो त्या वेळी उत्तरेला डोक्यापासून थोडा खाली, बघायला एकदम आरामात.

त्यातली एक रात्र सांगते. सातला बघितला तर देवयानीतल्या अल्मकपेक्षा मंद झालाच होता (अल्मक २.१, नेहमी दोघं जवळपास सारखे दिसतात). आठला ययातीतल्याच एप्सिलॉनच्या जवळ आला, तो २.९. मग जेवण, अळसांद्यांचं तोणाक होतं, आणि त्या दिवशी सगळे पटापट जेवले कारण आठवीतली लेक दर पंधरा मिनिटांनी बाहेर जाऊन येऊन बातमी देत होती. पावणेदहाला अल्गोल त्रिकोणातल्या अल्फाइतका, म्हणजे ३.४. नवरा, जो एरवी ‘तारा तो तारा’ म्हणतो, तो स्वतःहून साडेअकराला उठून आला आणि म्हणाला, चढतोय. नुसत्या डोळ्यांनी, एका संध्याकाळीत, दूरच्या ताऱ्याचं ग्रहण आख्ख्या घरानं बघितलं. लेकीला मी जॉन गुडरिकचं सांगितलं होतं, इंग्लंडमधला मुलगा, ऐकू येत नव्हतं त्याला, १७८२ च्या थंडीत अठराव्या वर्षी त्यानं ह्याच ताऱ्याची वेळ मोजायला घेतली आणि पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीला कळवून टाकलं की ह्याच्याभोवती काहीतरी फिरत असावं. त्याला कोप्ली पदक मिळालं. एकविसाव्या वर्षी गेला. लेक बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, त्याच्याकडे घड्याळ कसलं होतं गो?

आता काक्षी, आणि इथे खरी मजा. हा तांबडा महातारा साधारण चारशे दिवसांच्या चक्रात कमीजास्त होतो, पण नियमित नाही. २०१९ च्या शेवटाला तो उतरायला लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ च्या आसपास गेला, तेव्हा सगळ्यांना वाटलं फुटतोय की काय, नंतर कळलं की ताऱ्यानंच बाहेर फेकलेल्या वायूचा धूलिमेघ झाला आणि तो आड आला. त्या हिवाळ्यात मी वही ठेवत नव्हते ह्याची मला अजून हळहळ वाटते.

तेज मोजायची पद्धत तुम्हाला माहितीच आहे, एक थोडा जास्त आणि एक थोडा कमी तेजाचा तारा धरायचा आणि मधल्या अंतरात आपला कुठे बसतो ते बघायचं. काक्षीला मी प्रश्वा (प्रोसिऑन, ०.४) आणि रोहिणी (०.९) धरते, तिघं साधारण एकाच उंचीवर येईपर्यंत थांबते, नाहीतर खालच्या हवेत मंद दिसणाऱ्याला उगाच कमी मार्क मिळतात. पुनर्वसूतला तारा (१.१) सुद्धा धरायचा विचार होता पण यंदा गुरू तिथेच मिथुनेत येऊन बसलाय, १० जानेवारी २०२६ ला प्रतियुतीत (सूर्याच्या बरोबर समोर) होता, त्याच्या झगझगाटात शेजारच्याचा अंदाज घ्यायचा तर डोळा ऐकत नाही. तो तारा सोडला. गुरूचे चंद्र मात्र दुर्बिणीतनं लेकीनं रोज कागदावर ठिपके काढून ठेवलेत, ते वेगळं प्रकरण, कधीतरी टाकेन.

तर आमच्या घरात काक्षीचे आकडे जुळत नाहीत. लेक ०.४ म्हणते, मी ०.५, आणि सासूबाई, ज्यांना आम्ही सगळे आई म्हणतो, त्या ०.७ च्या खाली यायला तयार नाहीत. पहिलं कारण लगेच कळलं. लेक टक लावून बघत बसते, आणि तांबड्या ताऱ्याकडे टक लावली की तो हळूहळू जास्त तेजस्वी वाटायला लागतो. तिला सांगितलं की नजर पटकन टाक आणि काढ, एकदा प्रश्वाकडे, एकदा काक्षीकडे. आता तीही ०.५ वर आली. पण आई? त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाआधी झालं, एकाच डोळ्याचं. एका रात्री त्या स्वतःच म्हणाल्या, ‘ह्या डोळ्यानं खालचा तारा निळा दिसतो, ह्या डोळ्यानं पिवळट.’ खालचा म्हणजे राजन्य (रायजेल), मृगातलाच निळसर तारा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होतं आणि निळा प्रकाश अडवतं, ऑपरेशनात ते काढून नवीन बसवतात. मग ज्या डोळ्याला पांढरे-निळे तारे एवढे लख्ख दिसतात त्याला तांबडा काक्षी त्यांच्या शेजारी फिका वाटणारच! आता वहीत आईंचे दोन रकाने आहेत, डावा डोळा, उजवा डोळा. ऑपरेशन न झालेल्या डोळ्याचा आकडा माझ्या जवळ येतो. ही नोंद मला ह्या सीझनची सगळ्यात मोलाची वाटते आणि ती मी केलेली नाही, त्यांनी केलीय, एक एक डोळा पदरानं झाकून.

एएव्हीएसओला (१९११ पासून अशा नोंदी गोळा करणारी अमेरिकेतली संस्था) मी फक्त माझेच आकडे पाठवते, तिथे प्रत्येक निरीक्षकाचा वेगळा कोड असतो. लेकीचा पुढच्या वर्षी काढू.

बाकी हिवाळा नेहमीसारखा. दव भयंकर, दहानंतर दुर्बिणीच्या काचा ओल्या, त्यावर कार्डबोर्डची नळकांडी करून चढवली तर निम्मा त्रास गेला. पहाटे नदीच्या बाजूनं धुकं येतं तेव्हा पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों ऐकू येतो पण सायकल दिसत नाही, त्या वेळी काही मोजायला जाऊ नये. संध्याकाळी सगळीकडे पाला पेटवून शेकत बसतात त्याचा धूर खाली साचतो, तो नऊपर्यंत विरतो. नाताळात वाड्यावर घरोघरी नखेत्रं (चांदणीचे कंदील) लागली. आमच्या शेजारच्या आंटीचं तर केवढं मोठं, पण ती दहाला झोपते आणि दिवा बंद करते, तेवढं पुरलं. वर नेवऱ्या आणि दोदोल आला तो वेगळा. साखळीच्या दत्तजयंतीला पौर्णिमा, तेव्हा वही बंदच. पौषात आई धालोला (बायकांच्या नाचगाण्याला) मांडावर जायच्या, चांदण्यातनं परत येताना अंगणात उभं राहून आधी मृगाकडे बघायच्या मग पाय धुवायच्या. चंद्र मोठा असला तरी काक्षी-प्रश्वा एवढे तेजस्वी आहेत की अंदाज घेता येतो, त्या रात्रींच्या नोंदींवर मी ‘चं’ लिहून ठेवते.

मिथुन उल्कावर्षावाला (१३-१४ डिसेंबर) अंगणात चटया टाकल्या, उकडलेली कणगां आणि चहा. ह्या उल्का फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या धुळीच्या, बाकीच्या बहुतेक वर्षावांसारख्या धूमकेतूच्या नाहीत, आणि जातात पण जरा सावकाश. मोजदाद लेकीकडे दिली होती. तिनं मोठ्या भावंडांना पण कामाला लावलं आणि चार दिशा वाटून दिल्या.

आणि अगस्त्य. आपलं नशीब बघा, गोव्याहून तो दक्षिणेला जवळजवळ बावीस अंश वर येतो, दिल्लीवाल्यांना जेमतेम नऊ. जानेवारीच्या शेवटी रात्री साडेदहाच्या सुमाराला शेताच्या बरोबर वर, व्याधाच्या खाली. सासरे तारे बघत नाहीत पण अगस्त्य बघायला खुर्ची मागून घेतात.

फेब्रुवारीत अल्गोलची आणखी ग्रहणं घ्यायची आहेत, मार्चनंतर तो संध्याकाळी पश्चिमेला खाली जायला लागेल. पेडणे, सत्तरी, काणकोण, जिथे कुठे तुम्ही असाल तिथून एक तरी रात्र सोबत घ्या, आपापला आकडा आधी लिहून मगच दुसऱ्याचा बघायचा. आणि घरात कोणाचं एकाच डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर राजन्य आणि काक्षी दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे बघायला लावा आणि काय म्हणतात ते मला कळवा, आईंचा रकाना एकटाच आहे अजून.