आपत्ती कधी झाली?

“आपत्ती कधी झाली?” टेबलामागच्या बाईंनी विचारलं.
“अजून झाली नाहीये.”
“मग अर्ज कशाचा?”

हे संभाषण मी तीन टेबलांवर केलंय. एका टेबलावर दोनदा.

आम्ही ठाण्याला, नौपाड्यात तळमजल्यावर राहतो. बाबा पोलिओमुळे व्हीलचेअरवर. 26 जुलै 2005 ला घरात पाणी शिरलं तेव्हा शेजारच्या दोघांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट पहिल्या मजल्यावर नेलं होतं. त्यातला एक आता पुण्याला असतो, दुसऱ्याचे गुडघे गेलेत. म्हणून अर्ज.

दिव्यांग हक्क कायदा, 2016. कलम 8 म्हणतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवायची. मला एवढंच हवं होतं: बाबांचं नाव त्या यादीत.

पण कार्यालयात ‘दिव्यांग’ म्हटलं की समोरचा दिव्यांगांच्या मदतीसाठी राखीव असलेल्या पाच टक्के निधीचा फॉर्म काढतो. “नको, पैसे नकोत,” म्हटलं की संशयानं बघतो. माझा कागद आपत्तीवाल्यांनी दिव्यांग विभागाकडे पाठवला, त्यांनी ‘विषय आपत्तीचा’ म्हणून परत. सहा आठवडे हेच. शेवटी पत्र आलं: अर्ज अपूर्ण, बँक पासबुकची प्रत जोडलेली नाही. मी ते पत्र बाबांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही.

नंतर सुचलं ते आधी करायला हवं होतं. प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, अर्ज थेट त्यांच्या नावे करा. विषयाच्या ओळीतच ‘आर्थिक मदतीची मागणी नाही’ असं लिहा. यूडीआयडी कार्डची (दिव्यांगांच्या ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा. आणि हो, पोच घेताना आवक क्रमांक नीट उमटलाय का बघा. माझ्या पहिल्या कागदावर नुसता निळा डाग होता, त्यामुळे तो दिलाच नव्हता असं ठरलं.

मेच्या शेवटी एक फोन आला. पलीकडे तरुण मुलगा, घाईत होता.

“काका कितव्या मजल्यावर? उचलायला किती माणसं लागतील?”

मी दोन म्हणणार होतो. बाबा आतून ओरडले, “तीन सांग. तिसरा खुर्ची आणेल. ती मागे राहिली तर वर नेऊन माझं करणार काय?”