छातीवर बसलेलं ते

मी नऊ वर्षांची होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या घरी, माजघरात आजीशेजारी झोपले होते. स्वप्नात विहिरीच्या काठावर कुणीतरी काळं उभं होतं. ते माझ्याकडे चालत आलं आणि मला जाग आली. वरची तुळई दिसत होती, आजीचं घोरणं ऐकू येत होतं, पण ते छातीवर बसलेलंच. हाक मारायला गेले तर ओठ हलेनात, बोटसुद्धा उचलेना. मग एकदम सुटले आणि किंचाळले. आजीनं मीठ-मोहऱ्या उतरून चुलीत टाकल्या. "तिन्हीसांजंला हिरीकडं गेलीवतीस न्हवं?"

गेले नव्हते. म्हणूनच तो प्रश्न माझ्याजवळ राहिला.

उत्तर मिळालं एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी, फिजिऑलॉजीच्या तासाला. 1953 साली शिकागोमध्ये अ‍ॅसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदवल्या. तीच आरईएम झोप. बहुतेक ठसठशीत स्वप्नं तिच्यातली. या झोपेत मेंदूचा देठ स्नायूंना जाणारे संदेश अडवून धरतो. डोळे आणि श्वासपटल तेवढं चालू राहतं. कधी जाग आधी येते, अडसर मागाहून निघतो. त्याला म्हणतात स्लीप पॅरालिसिस. त्या दुपारी मी मेसमध्ये जेवायला गेलेच नाही.

पीजीच्या प्रवेशाच्या कौन्सेलिंगला मी सायकियाट्री, म्हणजे मनोविकारशास्त्र, भरली. बाबा एवढंच म्हणाले, "मेडिसिन मिळत होतं ना, बाळा?" आणि दोन दिवस बोलले नाहीत.

रेसिडेन्सीची तीन वर्षं. पहिले काही महिने फक्त हिस्टरी घेणं, म्हणजे आजाराची हकीकत विचारून लिहिणं. सरांनी एका केससाठी मला तीनदा परत पाठवलं. "घरच्यांनी सांगितलेलं आणलंस. पेशंट काय म्हणतोय?" मला राग आला होता. पुढे स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपलेल्या पेशंटला तारा जोडून नोंदी घेण्याच्या, रात्री पडद्यावर तो अडसर प्रत्यक्ष पाहिला: हनुवटीवरच्या इलेक्ट्रोडची, म्हणजे स्नायूंची, रेघ सपाट झाली आणि डोळ्यांच्या रेघा उसळू लागल्या. ती रात्र मी विसरणार नाही.

पण खरं शिकले ते दुसऱ्या वर्षी. सलग ड्युटी करून हॉस्टेलवर उताणी पडले होते. अपुरी झोप, उताणं निजणं, दोन्ही कारणं मला पाठ होती. ते परत आलं. काय होतंय ते कळत होतं, नावही ठाऊक होतं, तरी भीती नऊ वर्षांच्या मुलीचीच होती. सर का परत पाठवत होते ते तेव्हा उमगलं.

अशा मुली ओपीडीत येतात. मनगटात गंडा, सोबत आई. देवऋषी करून झालेला. परवाची एक मान खाली घालून बसली होती. आईच सगळं सांगत होती. मेंदूचं मी नंतर समजावलंच, पण आधी तिला विचारलं, "ते कुठून आलं? दारातून?"

तिनं मान वर केली.

"न्हाई. खिडकीतनं."