जाळलं तर शून्य, चिरलं तर 18 टक्के

भायखळ्याच्या बाजूला जळाऊ लाकडाची वखार असलेल्या एका शेठनी गेल्या महिन्यात आमच्या रे रोडच्या सॉ मिलच्या दारात ट्रक आणून उभा केला. ट्रकात पर्जन्यवृक्ष, आंबा, फणस, थोडा गुलमोहर आणि सोनमोहोर. "बेकऱ्यांचा माल उठत नाही. ह्यातलं काही चिरता येईल का, बघा."

कारण सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. पावाच्या भट्ट्या हळूहळू गॅसवर, विजेवर जायला लागल्या. निर्णय योग्यच होता, कारण भट्टीत झाडाचं लाकूड जायचं तसं भंगारातलं रंग लावलेलं, पॉलिशचं, प्लायवूडचंही जायचं, आणि तो धूर आसपासच्या चाळींनी वर्षानुवर्षं गिळला. पण पावसाळ्याआधीची छाटणी थांबत नाही, पावसात झाडं पडायची राहत नाहीत. मिलीबग ही कीड लागून वाळलेले पर्जन्यवृक्ष तर शहरभर उतरवावे लागले. लाकूड येतच राहतं, घेणारा कमी झाला.

मालाची निवड करायला अर्धा दिवस गेला. झाड पाडणारा कंत्राटदार सरसकट तीन फुटांचे तुकडे करतो, कारण दोन माणसांनी उचलायचे असतात. तिथेच निम्मं लाकूड मरतं. सहा फुटांच्या आतल्या ओंडक्यातून बाकाची फळी निघत नाही. चौरंग, पाट, पोळपाट, स्टूल एवढंच निघतं. ट्रकात सात-आठ फुटांचे ओंडके मोजकेच होते, आणि तेही हायड्रा क्रेन मिळाली म्हणून वाचलेले. गुलमोहर पहिल्यांदा बाजूला काढला. मऊ आणि लवकर कुजणारा, त्यावर करवतीचा पट्टा फिरवण्यात अर्थ नसतो. सोनमोहोराचं आतलं लालसर लाकूड चांगलं, पण आलेले तुकडे वाकडे होते. आंब्यावर आधीच निळसर काळी बुरशी चढलेली. आंबा पाडल्यावर काही दिवसांत चिरला नाही तर बुरशी आणि किडा दोन्ही लागतात. फणस मात्र उत्तम होता, आतून पिवळाधमक. हवेत राहून तो तपकिरी होत जातो. कोकणातल्या घरांची दारं त्याची का करतात, ते चिरताना कळतं.

मोजणी गोलाईवर होते. इंचातली गोलाई गुणिले तीच गोलाई, गुणिले फुटातली लांबी, भागिले 2304. 72 इंच गोलाई आणि 8 फूट लांबी असेल तर 18 घनफूट. हे चौथाई गोलाईचं जुनं माप आहे. त्या ओंडक्याचं खरं घनफळ जवळपास 23 घनफूट भरतं, म्हणजे करवतीत जाणाऱ्या लाकडाची सूट मापातच धरलेली आहे. अशा पर्जन्यवृक्षाच्या ओंडक्यातून दहा-अकरा घनफूट सरळ फळी मिळाली तर काम चांगलं झालं समजायचं. ओला असताना त्याचं वजन अर्ध्या टनाच्या वर जातं.

शहरातल्या झाडाचा खरा शत्रू खिळा. क्लासेसच्या जाहिराती, पाणपोईची पाटी, रोषणाईच्या वायरी, सीसीटीव्हीचा क्लॅम्प, जुन्या ट्री गार्डची सळई, हे सगळं झाड पंचवीस-तीस वर्षांत पोटात घेतं आणि वरून साल सपाट दिसते. सिक्युरिटीवाले वापरतात तसला हातातला मेटल डिटेक्टर आम्ही फिरवतो, पण तो काही इंचांपलीकडचं सांगत नाही. म्हणून टोकं बघायची. आंबा, जांभूळ, बाभूळ यांत टॅनिन असतं, लोखंडाशी त्याचा काळा-निळा डाग होतो आणि तो उभा धाग्याधाग्याने वर चढतो. टोकाला असा डाग दिसला तर तेवढा तुकडा कापून जळाऊत टाकायचा. लोभ केला तर पट्ट्याचे दात जातात. मग पट्टा उतरवा, दात पुन्हा घासा, सेटिंग करा. एवढ्या वेळात दुसऱ्याचा दोन ट्रक माल चिरून झाला असता. झाडावर खिळा ठोकणाऱ्याला हे कुणी दाखवत नाही. दाखवायला हवं.

चिरताना सालीकडचा पहिला छिलका काढून ओंडका फिरवून घेतला. अगदी मधला मऊ गाभा फळीच्या मध्ये येऊ द्यायचा नाही, नाहीतर सुकताना फळी तिथेच उभी फाटते. एक इंच तयार फळी हवी असेल तर सव्वा इंचाने काढायची, कारण आकसणं आणि रंधा दोन्ही त्यातून जातात. पर्जन्यवृक्षाचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्याने रंध्याखाली केस उभे राहतात, पण तो आकसतो फार कमी, आणि हे त्याचं मोठं मोल आहे. चिरल्या दिवशीच फळ्या बोरॅक्सच्या पाण्यात बुडवल्या: 100 लिटर पाण्याला 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक अॅसिड. मग ओल्याच रचून प्लास्टिकखाली तीन-चार आठवडे ठेवायच्या, म्हणजे औषध आत मुरतं. उघड्यावर पावसात राहणाऱ्या बाकाला हा उपाय चालत नाही, कारण औषध पाण्याने धुऊन निघतं. त्यानंतर थप्पी. प्रत्येक थरात इंचभर जाडीच्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर, आणि वरच्या थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर डोक्यावर. पट्टी सरकली की फळी तिथे वाकते. टोकांना जाड ऑइल पेंट. मुंबईच्या हवेत उन्हाळ्यातही लाकूड फार कोरडं होत नाही आणि पावसाळ्यात पुन्हा ओल धरतं. म्हणून इंचाला वर्ष हा जुना हिशेब इथेही सोडू नये.

इथवर सगळं सुरळीत होतं. अडलं ते बिलावर.

शेठ म्हणाले, "बिल जळाऊचं करतो. मी दुसरं काही विकतच नाही."

जीएसटीत जळाऊ लाकडाला कर शून्य आहे. त्याच झाडाचा गोल ओंडका चिरायला विकला तर 18 टक्के, चिरलेल्या फळीलाही 18. आमच्या मिलला वन विभागाची आवक नोंदवही ठेवावी लागते: जात, गोलाई, लांबी, माल कुठून आला. झाड महापालिका हद्दीतलं असेल तर 1975 च्या वृक्ष कायद्याखालची परवानगीही सोबत लागते. आमच्या वहीत 72 इंची पर्जन्यवृक्ष आणि शेठच्या बिलावर जळाऊ, हे चालणार नाही, असं आमच्या हिशेबनीस मॅडमनी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. सॉ मिलचं लायसन्स ही गंमत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2002 च्या आदेशानंतर नवं लायसन्स निघणं जवळजवळ बंद झालं. असलेलं गेलं तर गेलं.

पण शेठची अडचणही खोटी नव्हती. जो फक्त करमुक्त माल विकतो त्याला उलाढाल कितीही असो, जीएसटी नोंदणी लागत नाही. त्याने एकच ओंडका करपात्र म्हणून विकला की ही सूट संपते. माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाख उलाढालीची आहे, आणि ती मोजताना करमुक्त विक्रीही धरली जाते. शेठची जळाऊची वार्षिक विक्री त्याच्या वर आहे. म्हणजे 18 घनफुटांच्या एका ओंडक्यासाठी नोंदणी, रिटर्न, हिशेबनीस. तोच ओंडका फोडून स्मशानात पाठवला तर काहीच नाही.

ट्रक तसाच उभा, आणि सगळे चहाला जमले. करावर मिलमध्ये जेवढं आणि जसं बोललं जातं तसं टीव्हीवर कधी ऐकलं नाही. टेम्पोवाला जकातीच्या काळातला माणूस. "मुलुंड नाक्यावर रात्र जायची, पण पावती हातात असायची. आता डिझेलमध्ये किती जातो ते पंपावर कोण सांगतं?" जकात 1 जुलै 2017 ला गेली. डिझेल जीएसटीबाहेरच राहिलं, त्यावर राज्याचा व्हॅट. मुंबई-ठाण्यात तो 2024 मध्ये 24 वरून 21 टक्क्यांवर आला खरा, पण त्याचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, कुणालाच मिळत नाही. म्हणजे ट्रकाचं भाडं वाढलं की लाकूड महागतं, आणि त्यातला कर कुठल्याही बिलावर वेगळा दिसत नाही.

पट्ट्यावरच्या मिस्त्रींचं म्हणणं वेगळं. "12 लाखांपर्यंत इन्कम टॅक्स नाही म्हणून ऑफिसवाले खूश. आम्हाला तो कधीच नव्हता. रिचार्जला 18 टक्के आम्हालाही तेवढेच." हे मला शंभर टक्के पटतं. 'आमच्या टॅक्सच्या पैशावर' असं कामगाराला सुनावणाऱ्याने एकदा त्याच्या महिन्याच्या खरेदीची बिलं मांडून बघावीत.

सगळ्यात अनपेक्षित बोलला तो ट्रॉलीवरचा माणूस, माण तालुक्यातला. त्याच्या पगारातून व्यवसाय कर कापला जातो: महिना 200, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. बाकीचे त्यावरच चिडले होते. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून 25 हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे आणि पुरुषांना दहा हजारांच्या वर पूर्ण लागतो, ह्यावरही चर्चा झाली. हा म्हणाला, "मला त्या दोनशेचं काही वाटत नाही. आई रोजगार हमीवर खडी फोडायची. तो पैसा ह्यातूनच आलेला, असं मास्तर सांगायचे." मास्तर बरोबर सांगत होते. 1972 च्या दुष्काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रोजगार हमी चालवायला 1975 मध्ये हा कर आला. पन्नास वर्षं हा कर कापला जातोय, आणि तो कशासाठी सुरू झाला हे पगारपत्रकावर एका ओळीत लिहायला कुणाला सुचलेलं नाही. कामगार कराच्या विरुद्ध नसतो. पैसा कुठे गेला हे दिसलं नाही की तो चिडतो.

तोडगा मॅडमनीच काढला. शेठनी नोंदणी घ्यायची, पण छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या कंपोझिशन योजनेत. दीड कोटीपर्यंत उलाढाल असेल तर ती मिळते. व्यापाऱ्याला कर 1 टक्का, आणि तोही फक्त करपात्र विक्रीवर. जळाऊ विक्री त्यात येत नाही. तीन महिन्यांनी सीएमपी-08 हा एक फॉर्म, वर्षाला एक रिटर्न. ग्राहकाकडून कर वेगळा घ्यायचा नाही, बिलावर कंपोझिशन व्यापारी असल्याचं लिहायचं. आम्हाला त्या ओंडक्यावर क्रेडिट मिळत नाही, पण 18 टक्के आगाऊ गुंतवावेही लागत नाहीत.

शेठना लगेच सुचलं की मग चिराई देऊन फळ्या आपणच विकाव्यात. तिथे थांबवावं लागलं. स्वतःच्या लाकडाच्या फळ्या करून विकल्या की ते उत्पादक ठरतात, आणि उत्पादकाचा 1 टक्का एकूण उलाढालीवर लागतो, जळाऊसकट. ओंडका ओंडका म्हणूनच विकण्यात त्यांचा फायदा होता.

एवढं करूनही शेवटचं टोक मोकळंच राहिलं, आणि माझं मन तिथेच अडतं. आमच्या फळीवर 18 टक्के लागतात ते लागतातच. नोंदणी असलेला मोठा फर्निचरवाला ते क्रेडिटमध्ये वळते करतो, त्याला ते जाणवत नाहीत. छोट्या सुताराची नोंदणी नसते, त्याला ते पूर्ण अंगावर बसतात. बाक करून घेणाऱ्या हाउसिंग सोसायटीलाही बहुतेक वेळा तेच. 22 सप्टेंबर 2025 पासून बांबूचं फर्निचर 5 टक्क्यांवर आलं, ते चांगलं झालं. शहरात पडलेल्या झाडाच्या बाकाला मात्र आयात सागवानाच्या सोफ्याचाच दर. फणसाच्या फळ्या बघायला लालबागचा एक सुतार आला होता, गणपतीचे चौरंग करणारा. लाकूड त्याला फार आवडलं. बिनबिलाचं मागितलं, ते दिलं नाही. त्याने निम्मा माल उचलला, उरलेला परवडत नाही म्हणाला. चौरंगाची किंमत त्याला वाढवता येत नाही, कारण शेजारी एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाच्या बोर्डाचा, चौरंग निम्म्या भावात असतो.

छिलके आणि तीन फुटी गाठाळ तुकडे शेठनी परत नेले, जळाऊ म्हणून, शून्य करात. स्मशानात एका चितेला साधारण 300 किलो लाकूड लागतं, ती मागणी अजून आहे.

नोंदणीचा नंबर आल्यावर शेठचा फोन आला. जांभळाचे चार ओंडके आहेत, आठ फुटी, चालतील का. चालतील म्हटलं, पण आजच्या आज टोकांना जाड रंग मारा, सावलीत ठेवा, वर ओलं गोणपाट टाका. जांभूळ पाण्याला टिकतं, पण सुकताना जिद्दीने तडकतं. आणि परवानगीची प्रत गाडीबरोबरच पाठवा.