हा मजकूर कोणत्या दिवसाचा?

कायद्यात सुधारणा झाली, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु सुधारणा अधिनियम हातात घेऊन वाचू लागले की त्यात सलग कायदा सापडत नाही, सापडतात त्या सूचना. 'मुख्य अधिनियमाच्या कलम ७ मधील पोटकलम (२) मध्ये, "तीस दिवस" या मजकुराऐवजी "साठ दिवस" हा मजकूर दाखल करण्यात येईल', 'परंतुक वगळण्यात येईल', 'कलम १२ नंतर पुढील कलम समाविष्ट करण्यात येईल', अशी ती वाक्ये असतात. विधानमंडळ मंजूर करते ते हे, आणि राजपत्रात प्रसिद्ध होते तेही हेच. या सूचना मूळ मजकुरावर एकेक करून राबवायच्या आणि सामान्य वाचकाला वाचता येईल असे आजचे कलम तयार करायचे, हे काम त्यानंतर कोणीतरी टेबलाशी बसून करावे लागते. गेली बरीच वर्षे मी ते काम करत आलो आहे, आणि त्याबद्दल इतके कमी बोलले जाते की ते एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

हे काम वरवर पाहता कारकुनी वाटते. एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा, खाली तळटीप द्यायची. प्रत्यक्षात प्रत्येक सूचना एका विशिष्ट क्षणीच्या मजकुराला उद्देशून लिहिलेली असते, आणि तो क्षण चुकला तर सूचना अक्षरशः पाळूनही मजकूर चुकतो. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका अधिनियमात एकाच वर्षी दोन सुधारणा झाल्या होत्या. ज्या पोटकलमाला तीन परंतुके, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारी अपवादाची किंवा अटीची वाक्ये, होती, त्याचे पहिले परंतुक पहिल्या सुधारणा अधिनियमाने वगळले होते, आणि दुसऱ्या सुधारणा अधिनियमाने 'दुसऱ्या परंतुकातील' दोन शब्द बदलले होते. मी दोन्ही अधिनियम त्यांच्या क्रमांकाप्रमाणे लावले. पहिले परंतुक निघून गेल्यामुळे मूळचे तिसरे परंतुक आता दुसरे झाले होते. बदलायचे शब्द दुर्दैवाने त्यातही होते, त्यामुळे कुठे काही अडले नाही आणि शंकाही आली नाही. वास्तविक पहिला अधिनियम अंमलात येण्यासाठी वेगळी अधिसूचना लागणार होती आणि ती कित्येक महिन्यांनी निघाली. दुसरा मात्र प्रसिद्ध झाल्या दिवशीच अंमलात आला होता. म्हणजे तो अंमलात आला तेव्हा तिन्ही परंतुके जागेवर होती आणि बदल व्हायला हवा होता तो मूळच्या दुसऱ्या परंतुकात. छापील प्रत बाहेर गेल्यानंतर एका वकिलांनी पत्र लिहून ही चूक दाखवली. तेव्हापासून मी सुधारणा अधिनियमांची यादी क्रमांकाने लावत नाही, प्रत्येक कलमाच्या अंमलाच्या दिनांकाने लावतो.

अंमलाचा दिनांक हा या कामातला सर्वांत निसरडा भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विधेयक मंजूर झाले, त्याला संमती मिळाली, राजपत्रात ते आले, तरी 'शासन, राजपत्रातील अधिसूचनेद्वारे, नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल' असे प्रारंभाच्या कलमात लिहिलेले असले, तर मूळ मजकूर अजून जसाच्या तसा उभा असतो. वेगवेगळ्या कलमांसाठी वेगवेगळे दिनांक नेमण्याची मुभा असली, तर एकाच अधिनियमातील काही कलमे लागू आणि काही प्रलंबित अशी स्थिती होते. याचे सर्वांत ठळक उदाहरण भारताच्या संविधानातच आहे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या सुधारणेच्या कलम ३ ने प्रतिबंधक स्थानबद्धतेसंबंधीच्या, म्हणजे खटला न चालवता खबरदारी म्हणून कैदेत ठेवण्यासंबंधीच्या, अनुच्छेद २२ मध्ये बदल केला. संसदेने तो मंजूर केला, परंतु ते कलम अंमलात आणणारी अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. त्यामुळे संविधानाच्या अधिकृत प्रतीत अनुच्छेद २२ जुन्याच रूपात छापला जातो आणि मंजूर झालेला नवा मजकूर तळटिपेत असतो. ज्याने ती प्रत तयार केली त्याने संसदेची इच्छा दडवली नाही आणि ती अवेळी अंमलातही आणली नाही. तसेच उदाहरण भारतीय न्याय संहितेचे आहे. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली. मात्र बेदरकारपणे वाहन चालवून एखाद्याच्या मृत्यूस कारण झाल्यावर खबर न देता पळून जाणाऱ्या चालकासंबंधीचे कलम १०६ (२) त्या अधिसूचनेतून वगळलेले होते. संहितेचे पुस्तक उघडून कलम १०६ सलग वाचणाऱ्याला ही गोष्ट त्या पानावरच कळली पाहिजे. प्रस्तावनेत किंवा शेवटच्या परिशिष्टात कळून उपयोग नाही.

चुकीचे जोडकाम किती दूर जाऊ शकते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. लहान गावांतील, म्हणजे ५,००० पर्यंत वस्तीच्या ठिकाणच्या, राष्ट्रीय बँकांना विमा विकण्याची परवानगी देणारी तरतूद तेथील काँग्रेसने १९१६ मध्ये केली. त्या अधिनियमात अवतरणचिन्हे अशा जागी पडली, की ती तरतूद एका जुन्या कायद्याच्या कलम ५२०२ चा भाग आहे असे वाचणाऱ्याला वाटावे. १९१८ मध्ये काँग्रेसने ते कलम ५२०२ 'पुढीलप्रमाणे वाचण्यात यावे' अशा शब्दांत संपूर्णपणे नव्याने लिहिले, आणि त्या नव्या मजकुरात विम्याची तरतूद नव्हती. अवतरणचिन्हांवर विश्वास ठेवला तर ती तरतूद १९१८ मध्येच रद्द झाली होती. संदर्भ पाहिला तर ती मुळात दुसऱ्याच कायद्यात, फेडरल रिझर्व्ह अधिनियमात, दाखल झालेली असल्यामुळे तिला धक्काही लागला नव्हता. संकलित संहितेच्या १९५२ च्या आवृत्तीपासून ती वगळली गेली, आणि तरीही बँकांवर देखरेख ठेवणारे अधिकारी, न्यायालये आणि खुद्द काँग्रेस ती जिवंत आहे असेच धरून चालत राहिले. हा प्रश्न १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सुटला. न्यायालयाने एकमताने असे ठरवले, की अवतरणचिन्हे चुकीच्या जागी पडली ही लेखनिकाची चूक होती आणि तरतूद कायम आहे. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ दोन चिन्हांच्या जागेवर एक कायदा तरंगत होता. मी हे प्रकरण प्रथम वाचले तेव्हा संध्याकाळी पुन्हा कार्यालयात जाऊन त्या आठवड्यातली सगळी अवतरणचिन्हे तपासली होती.

वर सांगितलेल्या सर्व उदाहरणांत बदल करणारे विधानमंडळच होते. न्यायालयाने एखादे कलम घटनाबाह्य ठरवले तर संकलकाने, म्हणजे हे जोडकाम करणाऱ्याने, काय करावे, हा प्रश्न याहून अवघड आहे, कारण न्यायालय 'वगळण्यात येईल' असे सांगत नाही. कलमाचा मजकूर विधानमंडळाने निरसित, म्हणजे कायद्यानेच रद्द, करेपर्यंत पुस्तकात राहतो, फक्त त्याची शक्ती जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या सुधारणेने दाखल झालेले कलम ६६ अ, संगणकाद्वारे किंवा संपर्कसाधनाद्वारे आक्षेपार्ह संदेश पाठवण्याबद्दल शिक्षा सांगणारे, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दबातल ठरवले. त्यानंतरही त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले. जुलै २०२१ मध्ये हा विषय पुन्हा सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा न्यायालयाने धक्का बसल्याचे बोलून दाखवले; आणि महान्यायवादींनी, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्यांनी, जे निदर्शनास आणले ते माझ्या कामाशी थेट निगडित होते. कलम पुस्तकात अजून छापलेले असते, ते रद्द झाल्याचे फक्त तळटिपेत असते, आणि गुन्हा नोंदवणारा पोलीस अधिकारी पाहतो ते कलम. त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाने राज्यांना या कलमाखाली गुन्हे न नोंदवण्याविषयी कळवले.

हे वाचून मला फार वाईट वाटले होते, कारण अशा तळटिपा मीही वर्षानुवर्षे लिहीत होतो आणि त्या पुरेशा आहेत असे मानत होतो. बारीक टाइपातील एका ओळीवर एखाद्या माणसाची अटक अवलंबून असेल, तर ती ओळ तेथे आहे एवढ्याने संकलकाची जबाबदारी संपत नाही. संकलकाला ते कलम पुसता येत नाही, तो त्याचा अधिकारच नाही. पण कलमाच्या शीर्षकाखाली, मजकूर सुरू होण्यापूर्वी, कलमाच्याच टाइपात 'सर्वोच्च न्यायालयाने अमुक दिनांकाच्या निर्णयाद्वारे हे कलम घटनाबाह्य ठरवले आहे' असे लिहिण्यापासून त्याला कोणी अडवत नाही. मी आता असेच करतो. पानाची सुबकता त्यामुळे जाते, अशी तक्रार माझ्याकडे आलेली आहे, आणि ती मला मान्य नाही.

जुळवलेल्या मजकुराला कायदेशीर मोल किती, याबाबत देशोदेशी वेगवेगळे निर्णय झालेले आहेत. युरोपीय संघाचे संकलित मजकूर केवळ माहितीसाठी असतात, त्यांना कायदेशीर प्रभाव नसतो आणि प्रमाण मानला जातो तो शासकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला मजकूर. अमेरिकेच्या संहितेतील जे भाग काँग्रेसने स्वतंत्रपणे कायदा म्हणून मंजूर केले आहेत तेच निर्णायक पुरावा ठरतात. उरलेले भाग फक्त प्रथमदर्शनी पुरावा असतात आणि मूळ अधिनियमांशी विसंगती आढळली तर मूळ अधिनियम टिकतात. कॅनडाने मात्र १ जून २००९ पासून आपल्या संघीय कायद्यांच्या इंटरनेटवरील एकत्रित आवृत्तीला अधिकृत दर्जा दिला. मला कॅनडाची वाट योग्य वाटते. नागरिकाने जो मजकूर वाचावा अशी आपली अपेक्षा आहे, त्यावर त्याला विसंबता येत नसेल, तर प्रत्येकाने वीस सुधारणा अधिनियम जवळ घेऊन स्वतःच जोडकाम करावे, असाच त्याचा अर्थ होतो.

जोडकामाच्या खुणा मात्र दिसत राहिल्या पाहिजेत. आपल्याकडे बदललेला मजकूर चौकटी कंसात घालून त्यावर तळटिपेचा आकडा देण्याची आणि खाली कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमान्वये, कशाऐवजी, कोणत्या दिनांकापासून हे सांगण्याची जी जुनी रीत आहे, ती मला अत्यंत विचारपूर्वक घडवलेली वाटते. वगळलेल्या कलमाचा क्रमांक रिकामा ठेवायचा आणि नव्या कलमाला १२ अ, १२ ब असे क्रमांक द्यायचे, यामागेही कारण आहे. क्रमांक सरकवले तर त्या क्रमांकाने उल्लेख करणारे सर्व निर्णय, नियम, करार आणि नोटिसा एका रात्रीत चुकीच्या कलमाकडे बोट दाखवू लागतील. संविधानातील मालमत्तेविषयीचा अनुच्छेद ३१ वगळला गेला, तरी त्याची जागा दुसऱ्या कशाने भरलेली नाही, ती याच कारणाने.

नवशिक्या सहकाऱ्यांची येथे एक गफलत हमखास होते. जुने सुधारणा अधिनियम साफसफाई म्हणून वेळोवेळी निरसित केले जातात, आणि निरसनाची ती यादी पाहून त्यांनी केलेले बदलही मागे घ्यावेत असे त्यांना वाटते. सर्व कायदे कसे वाचावेत याचे सामान्य नियम सांगणारा जो सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७, त्याचे कलम ६ अ नेमके यासाठीच आहे: वेगळा उद्देश दिसत नसेल, तर सुधारणा अधिनियम गेला तरी त्याने मुख्य अधिनियमात केलेला बदल राहतो. शिडी काढून घेतली म्हणून माडीवर चढवलेले सामान खाली येत नाही.

जुना मजकूर जपण्याविषयी मी अधिक आग्रही आहे. एखाद्या कृत्याचा न्याय साधारणपणे ते कृत्य घडले त्या दिवशीच्या कायद्याने होतो, खटला दहा वर्षांनी उभा राहिला तरीही. निरसनापूर्वी निर्माण झालेले हक्क आणि दायित्वे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्याच कलम ६ ने सामान्यतः अबाधित राहतात. म्हणून आजचा मजकूर कालच्या मजकुरावर लिहून कालचा नष्ट करणे म्हणजे न्यायालयात लागणारा पुरावा नष्ट करणे होय. ब्रिटनमध्ये नॅशनल आर्काइव्हज चालवत असलेल्या कायद्यांच्या संकेतस्थळावर मूळ मंजूर मजकूर आणि सुधारित मजकूर दोन्ही मिळतात, अनेक कायद्यांच्या बाबतीत मधल्या एखाद्या दिनांकाची स्थितीही पाहता येते, आणि जे बदल अजून मजकुरात उतरवलेले नाहीत त्यांची सूचना पानावरच दिलेली असते. ती शेवटची सोय मला सर्वांत प्रामाणिक वाटते. आपले काम किती बाकी आहे हे वाचकाला सांगणारा संकलक, सगळे पूर्ण झाले आहे असे भासवणाऱ्या संकलकापेक्षा कितीतरी अधिक विश्वासार्ह असतो. मुखपृष्ठावर नुसते 'अद्ययावत' असे छापलेल्या पुस्तकाने मला आजवर कधीही दिलासा दिलेला नाही, कारण कोणत्या दिवसापर्यंत अद्ययावत, हे त्यात नसते.

म्हणून माझ्या प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर दोन दिनांक असतात: मजकूर ज्या दिवशीचा आहे तो, आणि मी राजपत्र ज्या अंकापर्यंत पाहिले त्या अंकाचा. प्रत छपाईला जाण्यापूर्वी मी तयार मजकुरावरून सुधारणा उलट्या क्रमाने एकेक काढत जातो. सर्वांत अलीकडची आधी, मग तिच्या आधीची, आणि असे करत मूळ अधिनियमापर्यंत मागे येतो. शेवटी हाती आलेला मजकूर मूळ राजपत्राशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मोठ्या अधिनियमाला यात अनेक दिवस जातात. मागच्या वेळी असे मागे येताना एका पोटकलमात 'किंवा' हा एक शब्द जास्तीचा निघाला. तो कोणत्या सुधारणेबरोबर आत आला ते अजून सापडलेले नाही, आणि तो सापडेपर्यंत ती प्रत माझ्या टेबलावरच आहे.